पोटाचा घेर आणि अन्ननलिका : पार्श्वभूमी

छातीत जळजळ, घशाशी आंबट पाणी, करपट ढेकर. आपल्याकडे याला ‘पित्त’ म्हणतात आणि गोळी घेऊन विसरतात. या जळजळीचा पोटाच्या घेराशी संबंध आहे, हे वैद्यकशास्त्रालाही उशिराच उमगलं.

१९५० साली लंडनचे सर्जन नॉर्मन बॅरेट यांना काही रुग्णांच्या छातीत जठरासारखं अस्तर असलेली नळी आढळली. अन्ननलिका जन्मतःच आखूड, म्हणून जठर वर ओढलं गेलं, असा त्यांचा समज झाला. १९५३ मध्ये ॲलिसन आणि जॉनस्टोन यांनी दाखवून दिलं की ती अन्ननलिकाच आहे, फक्त तिचं अस्तर बदललंय. बॅरेट यांनी १९५७ मध्ये ते मोकळेपणाने मान्य केलं. मला हे फार मोलाचं वाटतं. आम्ल वर्षानुवर्षं वर येत राहिलं की हा बदल होऊ शकतो. दुर्बिणीतून पाहताना फिकट अस्तरावर खालून लालसर पट्टे चढलेले दिसतात.

तेव्हा सगळं लक्ष अन्ननलिका आणि जठर यांच्यामधल्या झडपेवर आणि हर्नियावर, म्हणजे जठराचा भाग छातीत सरकण्यावर, होतं. ढेरीकडे नजर वळली ती १९९० नंतर. अशा बदललेल्या अस्तरातून उद्भवणारा, अन्ननलिकेच्या खालच्या भागातला ॲडिनोकार्सिनोमा हा कर्करोग अमेरिकेत झपाट्याने वाढत होता. १९९९ च्या स्वीडिश अभ्यासात नेहमी जळजळ होणाऱ्यांमध्ये त्याचा धोका जवळपास आठपट दिसला. त्याच पथकाला वाढलेल्या वजनाशीही त्याचा संबंध आढळला. पुढच्या दशकात कळलं की नुसत्या वजनापेक्षा कंबर जास्त सांगते. आतड्यांभोवतीची चरबी जठराला खालून दाबते. भरल्या पोटी बुटाची नाडी बांधायला वाकलं की घशाशी येतं, ते याच दाबामुळे. शिवाय ही चरबी दाह वाढवणारी द्रव्यंही रक्तात सोडत असते.

भारतात अन्ननलिकेचा कर्करोग बहुतांशी वेगळ्या प्रकारचा असतो आणि त्यामागे तंबाखूचा वाटा मोठा. पण ढेरी आपल्याला परकी नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये स्वतःची आणि ब्रिटिश सहकाऱ्याची तुलना छापली होती : दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २२.३, शरीरातली चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के, सहकाऱ्याची ९.१. म्हणूनच भारतीयांसाठी कमरेची मर्यादा पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर धरतात. टेप शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध धरावी. पँटच्या नंबरावर जाऊ नये, कारण पट्टा ढेरीखाली सरकत जातो आणि नंबर तोच राहतो.