मुद्दाम पाडलेला चमचा

रविवारची न्याहारी. पोह्यांच्या वाटीतला चमचा खाली पडतो. मी उचलून देते, तो पुन्हा पडतो. पाचव्या खेपेला सासूबाई म्हणतात, “अगं, मुद्दाम करतेय बघ ती.” आमची सोळा महिन्यांची लेक खुर्चीच्या कडेवरून वाकून चमचा कुठे गेला ते पाहते, मग माझ्याकडे पाहते आणि हात पुढे करते.

“हो आई, मुद्दामच करतेय,” मी म्हणते आणि सहाव्यांदा वाकते.

‘मुद्दाम’ म्हटलं की आपल्याला खोडी दिसते. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांना त्यात फार मोलाचं काही दिसलं होतं. १९३१ साली जन्मलेल्या लोराँ या आपल्या मुलाच्या बारीकसारीक हालचाली ते टिपून ठेवत. लोराँ दहा महिन्यांचा असताना पाठीवर पडल्यापडल्या एकेक वस्तू हातात घेई, हात लांब करी आणि वस्तू सोडून देई. कधी सेल्युलॉइडचा हंस, कधी डबी. हात कधी सरळ वर, कधी तिरपा, कधी डोळ्यांसमोर. वस्तू एखाद्या नव्या जागी, म्हणजे उशीवर वगैरे पडली, की तिथेच तो ती आणखी दोन-तीनदा पाडून बघे. मूल दर खेपेला एखादी बाब बदलतं आणि काय घडतं ते पाहतं, हे पियाजेंनी हेरलं. प्रयोग याहून वेगळा काय असतो?

अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात एमी स्टाल आणि लिसा फायगेन्सन यांनी केलेलं एक संशोधन मला फार आवडतं. ते २०१५ साली प्रसिद्ध झालं. अकरा महिन्यांच्या बाळांना त्यांनी ‘अशक्य’ गोष्टी दाखवल्या. काही बाळांना दिसलं की उतारावरून घरंगळलेला चेंडू भिंतीतून आरपार गेला. काहींना दिसलं की खेळण्यातली गाडी फळीची कड ओलांडून गेली तरी हवेतच राहिली. अर्थात यामागे संशोधकांची हातचलाखी होती. मग तीच वस्तू बाळांच्या हातात दिली. चेंडू आरपार गेलेला पाहणाऱ्यांनी चेंडू आपटून पाहिला. गाडी अधांतरी पाहणाऱ्यांनी गाडी खाली टाकून पाहिली. जिथे अंदाज चुकला, नेमकी तीच बाजू त्यांनी तपासली. अजून बोलता न येणारं मूल प्रश्न विचारतं ते असं.

हे वाचल्यापासून न्याहारी आटोपली की चमचा घासायला जातो आणि पाडापाडीचा खेळ आम्ही नीट मांडतो. अर्ध्या फरशीवर गोधडी, अर्धी मोकळी. स्टीलचं फुलपात्र, लाकडी चमचा, सुती रुमाल, वर्तमानपत्राचा बोळा. फुलपात्र फरशीवर खणखणतं आणि गोधडीवर मुकं होतं. रुमाल तरंगत खाली येतो, पण त्यालाच घट्ट गाठ मारली की धपकन पडतो. या गाठीच्या रुमालावर तिने एकदा सलग दहा मिनिटं घालवली. एवढ्याशा जिवासाठी ती फार झाली. मी शेजारी बसून फक्त शब्द पुरवते. पडला. वाजला. कुठे गेला?

आठवडाभर ती जागी असताना माझ्या वाट्याला दिवसाचा जेमतेम दीड तास येतो. सकाळी डोंबिवलीहून लोकल पकडायची, अंधार पडल्यावर परतायचं. त्यामुळे शनिवार-रविवारी सगळं भरून काढावं असं मलाही वाटायचं. मॉल, बॉलपूल, बाग, एका दिवसात तीन ठिकाणं. दोनदा तसं केलं, आणि दोन्ही वेळा दुपारची झोप गाडीत मोडली आणि संध्याकाळ रडण्यात गेली. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दुपारची डुलकी धरून दिवसाला ११ ते १४ तास झोप हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आता आमच्या घरी सुट्टीचा दिवस तिच्या झोपेच्या कडेकडेने आखला जातो.

आणि फिरायला जायचं ते तिच्या पायांनी. आमच्या सोसायटीचं फाटक ते कोपऱ्यावरचा भाजीवाला हे माझं तीन मिनिटांचं अंतर. तिच्याबरोबर अर्धा तास लागतो, कारण वाटेत गटाराची जाळी आहे, मांजर आहे, एक पायरी आहे जी चारदा चढून उतरावी लागते. पूर्वी मी तिला उचलून घ्यायचे. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या कॅरन ॲडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेली मोजणी वाचली आणि ते सोडलं. १२ ते १९ महिन्यांची मुलं मोकळेपणी खेळत असताना त्यांनी पावलं मोजली. तासाला सरासरी २,३६८ पावलं, ७०१ मीटर अंतर आणि १७ वेळा पडणं! पुढच्या अभ्यासांत असंही आढळलं की यातली बरीचशी पावलं कुठे पोचायचं म्हणून टाकलेलीच नसतात. मूल निघतं, मध्येच थांबतं, वळतं, पुन्हा निघतं. चालणं हाच खेळ असतो. भाजीवाल्यापर्यंत पोचायची घाई माझी होती.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांत मिळतो तो पांगुळगाडा मूल उभं राहून, स्वतःच्या पायांवर भार घेऊन ढकलतं. मुलाला आत बसवायचा चाकांचा वॉकर ही अगदी वेगळी वस्तू आहे. तो जिन्यावरून कोसळून मुलांना डोक्याला इजा होतात, म्हणून कॅनडाने २००४ साली त्याच्या विक्रीवरच बंदी घातली. नात्यात कुणी तो भेट देणार असेल तर आधीच प्रेमाने नको म्हणा.

खेळणी थोडी पुरतात. ओहायोतल्या टोलीडो विद्यापीठात दीड ते अडीच वर्षांच्या मुलांना एकदा १६ आणि एकदा ४ खेळण्यांसोबत सोडलं. चारच असताना मुलं एकेका खेळण्यात जास्त वेळ रमली आणि त्याच्याशी जास्त तऱ्हांनी खेळली. आम्ही निम्मी माळ्यावर टाकली आहेत. महिन्याने ती उतरतील तेव्हा पुन्हा नवी वाटतील. दोन वर्षांपर्यंत पडदा नको, हे बालरोगतज्ज्ञ सांगतातच. आजोबांना व्हिडिओ कॉल तेवढा चालतो, कारण पलीकडून आजोबा उत्तर देतात. स्वयंपाकघरातली भांडी खुशाल द्या, पण शेंगदाणे, फुटाणे, चणे हाताशी येऊ देऊ नका, ते श्वासनलिकेत अडकतात. आणि भरलेली बादली क्षणभरही एकटी सोडू नका.

माझा सगळ्यात लाडका खेळ मात्र दुपारी, बाल्कनीत कपडे वाळत घालताना असतो. लेक चिमट्यांच्या टोपलीशी बसते. माझ्या हातून चिमटा निसटला की ती तो उचलून देते. हे तिला कुणी शिकवलेलं नाही. लाइपझिगच्या मॅक्स प्लांक संस्थेत फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांनी हाच प्रसंग प्रयोगात घेतला होता. कपडे वाळत घालणाऱ्या अनोळखी माणसाच्या हातून चिमटा पडतो आणि तो हात लांबवतो, पण पोचत नाही. हात मासिकांनी भरलेला माणूस कपाटाच्या बंद दारावर आदळतो. असे वेगवेगळे प्रसंग दीड वर्षाच्या २४ मुलांसमोर घडवले, तेव्हा २२ मुलांनी निदान एकदा तरी मदत केली. बक्षीस नव्हतं, शाबासकी नव्हती. २००८ साली याच दोघांनी वीस महिन्यांच्या मुलांवर पुढचा प्रयोग केला. मदतीबद्दल ज्यांना खेळणं दिलं, त्यांची मदत नंतर उलट कमी झाली. म्हणून मी चिमट्याच्या बदल्यात बिस्किट देत नाही. चिमटा घेते आणि ओढणीला लावते.

पहिल्या प्रयोगातला एक बारकावा मला विसरता येत नाही. त्या माणसाने चिमटा मुद्दाम खाली फेकला, तर मुलं सहसा उठत नसत. हातून निसटणं निराळं आणि टाकणं निराळं, हे त्यांना कळत होतं.

गेल्या रविवारी मी तिच्या देखत एक चिमटा मुद्दाम टाकला. तिने चिमट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मग टोपलीतला एक निळा चिमटा निवडला, हात लांब केला आणि तिनेही टाकला.