केंद्रात गेलं म्हणजे घटस्फोट? नाही!

“तिथं गेलीस तर संसार मोडलाच समज,” असं सांगून बाईला समुपदेशन केंद्राच्या पायरीवरून परत नेणारे नातेवाईक मी खूप पाहिलेत. या एका गैरसमजापायी बायका वर्षानुवर्षं मार खात राहतात.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात घटस्फोटाची तरतूदच नाही. या कायद्याखाली नेमलेले संरक्षण अधिकारी बाईची तक्रार लिहून घेतात, तो घटना अहवाल. तो एफआयआर नव्हे, नुसत्या त्यावरून नवऱ्याला अटक होत नाही. न्यायालयाचा संरक्षण आदेश, म्हणजे छळ थांबवण्याचा हुकूम, नवऱ्यानं मोडला, तरच तो या कायद्याखाली गुन्हा.

उलट कलम १७ तिला नांदत्या घरात राहण्याचा हक्क देतं. घर सासऱ्यांच्या नावावर असलं तरी तिचा दावा ऐकावा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलंय. वेगळं व्हायचं की नाही, ते तीच ठरवते. फोनवर बोलायचं तर महिला हेल्पलाइन १८१.