लिंगभावाचे साचे आणि किशोरवयीनांचा आहार

मुलीने बेताने खावे, मुलग्याने भरपूर खावे. सॅलड, फळे, गोडधोड ‘बायकी’ आणि मांस, तिखट, मोठा घास ‘मर्दानी’, अशा ठरीव समजुतींचा वाढत्या वयातील मुलामुलींच्या खाण्यावर होणारा परिणाम. जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ वर्षे हा काळ किशोरवय मानते. शरीर झपाट्याने वाढते ते याच वर्षांत, आणि चारचौघांत आपण कसे दिसतो याची धास्तीही याच वर्षांत सर्वाधिक असते.

या समजुतींच्या मुळाशी थोडे तथ्य आहे. उंची व स्नायू वाढत असताना मुलग्यांची भूक सरासरीने मोठी असते. पण साचा तेवढ्यावर थांबत नाही. पाळी सुरू झाल्यावर मुलीची लोहाची गरज वाढते. अमेरिकेतील शिफारशींनुसार १४ ते १८ वर्षांच्या मुलीला दिवसाला १५ मिलिग्रॅम लोह हवे, त्याच वयाच्या मुलाला ११. कॅल्शियम मात्र दोघांना सारखेच, १,३०० मिलिग्रॅम. म्हणजे जिला लोह जास्त हवे तिलाच कमी खाण्याची शिकवण मिळते. जेवण चुकवणे, दूध आणि मांस ‘जाड करतात’ म्हणून सोडणे, यातून रक्तक्षय होतो आणि हाडे भक्कम होण्याची वर्षे हातची जातात.

समोर कोण बसले आहे यावरही घास ठरतो. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, आकर्षक वाटेल अशा तरुणासोबत बसवलेल्या विद्यार्थिनींनी कमी खाल्ले. भूक तीच होती. फक्त ‘नाजूक’ दिसायचे होते.

प्रसारमाध्यमे हे साचे किती लवकर रुजवतात, ते पॅसिफिक महासागरातील फिजी या द्वीपदेशात दिसले. तेथील एका भागात १९९५ मध्ये दूरचित्रवाणी पोचली. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ अॅन बेकर यांच्या पाहणीत, आहारविकृतीकडे (खाण्याशी निगडित मानसिक आजाराकडे) झुकलेल्या शाळकरी मुलींचे प्रमाण तेव्हा १२.७ टक्के होते. १९९८ मध्ये ते २९.२ टक्के झाले. गट लहान होते, त्यामुळे आकड्यांना जपूनच हात लावावा, पण वजन घटवण्यासाठी उलटी काढणाऱ्या मुली पहिल्या पाहणीत एकही नव्हत्या, दुसऱ्या पाहणीत होत्या.

मुलग्यांवरचा दाब वेगळा आणि दुर्लक्षित आहे. पिळदार शरीरासाठी प्रोटीन पावडरवर भिस्त ठेवणे, भाज्या टाळणे, पोट भरल्यावरही खात राहणे, हे ‘वाढते वय’ म्हणून खपते. आपण कितीही कमावले तरी किरकोळच आहोत असे वाटत राहणे हा स्नायूंविषयीचा विकृत ध्यास होय. १९९३ मध्ये अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ हॅरिसन पोप व सहकाऱ्यांनी त्याचे वर्णन ‘उलटा अॅनोरेक्सिया’ असे केले; अॅनोरेक्सिया म्हणजे जाड होण्याच्या भीतीने अन्न तोडत जाण्याचा आजार. खुद्द अॅनोरेक्सियाच्या अमेरिकी निकषांत पाळी बंद होणे हे लक्षण २०१३ पर्यंत होते. आजाराची व्याख्याच अशी मुलीच्या शरीरावर बेतलेली होती, त्यामुळे मुलग्यांमधील आजार ओळखायला उशीर होत आला. वजन झपाट्याने घटले तरी ‘अंग कमावतोय’ म्हणून त्याचे कौतुकच होते, आणि त्यालाही हे दुखणे सांगावेसे वाटत नाही, कारण ते मुलींचे मानले जाते.