वारसा-संगणकप्रणालींची देखभाल

मूळ आज्ञावलीकार हाताशी नसताना, सांभाळणाऱ्यास अपरिचित असलेल्या भाषेतील जुनी संगणकप्रणाली चालू ठेवणे, दुरुस्त करणे व बदलत्या नियमांशी जुळवून घेणे. बेळगाव, खानापूर व निपाणी या सीमाभागात हे काम मुख्यत्वे पतसंस्था, कर्नाटकाच्या १९९७ च्या कायद्याखालील सौहार्द सहकारी संस्था आणि उद्यमबागेतील फाउंड्री यांच्या हिशेबांत उद्भवते. येथील जुन्या आज्ञावल्या बहुधा डीबेस या जुन्या विदासंग्रह-प्रणालीच्या कुळातील, म्हणजे क्लिपर किंवा फॉक्सप्रो या भाषांतील, असतात.

या कुळाच्या उगमाविषयी मतभेद आहेत. वेन रॅटलिफ यांनी १९७८ च्या सुमारास लिहिलेली ‘व्हल्कन’ ही प्रणाली अ‍ॅश्टन-टेट कंपनीने काही वर्षांतच ‘डीबेस-२’ या नावाने विक्रीस आणली. तिची प्रेरणा अमेरिकेतील ‘नासा’च्या जेट प्रपल्शन प्रयोगशाळेतील ‘जेपीएलडिस’ ही प्रणाली होती, हे सामान्यतः मान्य आहे. वाद आहे तो ऋण किती, याचा. फॉक्सप्रो बनविणाऱ्या फॉक्स सॉफ्टवेअरविरुद्धच्या दाव्यात न्यायालयाने १९९० मध्ये हे मूळ उघड न केल्याबद्दल अ‍ॅश्टन-टेटचा प्रताधिकार अमान्य केला व पुढील वर्षी तो निर्णय मागे घेतला. त्यामुळे उगमाचा पुरावा म्हणून या निवाड्यावर फारसे विसंबता येत नाही. आज्ञांची घडण बव्हंशी जेपीएलडिसची व सूक्ष्मसंगणकावरील अवतार रॅटलिफ यांचा, हे मत अधिक ग्राह्य वाटते. फॉक्सप्रोची अखेरची आवृत्ती २००४ ची असून तिचे विस्तारित साहाय्य मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०१५ मध्ये थांबविले.

नवख्यास या भाषांचे व्याकरण लवकर जमते. घोटाळा होतो तो अध्याहृत गोष्टींत. डीबीएफ फाइलीत, म्हणजे या कुळातील प्रणाली नोंदी साठवितात त्या फाइलीत, खोडलेली नोंद नाहीशी होत नाही. तिच्या पहिल्या बाइटमध्ये तारकाचिन्ह पडते आणि ‘पॅक’ आज्ञा चालेपर्यंत ती जागेवरच राहते. जुनी आज्ञावली आरंभी ‘सेट डिलीटेड ऑन’ म्हणून अशा नोंदी झाकते. नोंदी नव्या प्रणालीत हलविणाऱ्याच्या नजरेतून ती ओळ सुटली व त्याने तारकाचिन्ह न तपासता फाइल थेट वाचली, तर खोडलेली कर्जखाती पुन्हा येणेबाकीत उभी राहतात. स्तंभनामांना दहा अक्षरांची मर्यादा असल्याने रोमन लिपीतील तोडक्या मराठी शब्दांचा उलगडा अनेकदा संस्थेतील जुन्या क्लार्ककडूनच करून घ्यावा लागतो.

सभासदांची नावे युनिकोडपूर्व फाँटांत असल्यास ऱ्हस्व वेलांटी सामान्यतः व्यंजनाआधी साठविलेली असते, युनिकोडमध्ये ती नंतर येते. रफाराचे याच्या उलट. म्हणून केवळ चिन्हास चिन्ह बदलून ‘शिवाजी’ वा ‘अर्जुन’ शुद्ध उतरत नाही. त्याच खतावणीत कन्नड नावे असल्यास त्यांस वेगळा रूपांतर-तक्ता लागतो.

क्लिपरमधील आज्ञावली ‘हार्बर’ या मुक्तस्रोत संकलकाद्वारे (कंपायलर) पुष्कळदा अल्प बदलांनी आजच्या यंत्रांवर चालते. व्हिज्युअल फॉक्सप्रोमधील फॉर्म मात्र बव्हंशी नव्याने बांधावे लागतात.