नवीन बॅटरी घ्यायच्या आधी एकदा मीटर लावा
(बोटमालक, तांडेल आणि इंजिन सांभाळणाऱ्या सगळ्यांसाठी)

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, दोन महिने बोट शाकारलेली आणि बॅटरी तशीच आत पडून, मग ऑगस्टमध्ये चावी फिरवली की सेल्फ (इंजिन चालू करणारी स्टार्टर मोटर) नुसता टक करतो आणि गप्प. ससून डॉक असो, भाऊचा धक्का असो नाहीतर वर्सोवा-मढ, त्या आठवड्यात सगळीकडे एकच धावपळ, नवीन बॅटरी आणा. बॅटरी आम्हीही विकतो, तरी सांगतो की आधी तपासा, कारण "बॅटरी गेली" म्हणून आमच्याकडे येतात त्यातल्या बऱ्याच बॅटऱ्या चांगल्या निघतात. बिघाड असतो थिंबलच्या (केबलच्या टोकाला दाबून बसवलेल्या कडीच्या) आत नाहीतर अर्थच्या (बॅटरीच्या मायनसकडून इंजिनाला जाणाऱ्या केबलच्या) बोल्टखाली, जिथे खारं पाणी शिरून तांबं हिरवं पडलेलं असतं. नवीन बॅटरी लावल्यावर इंजिन चार दिवस चालू होतं आणि मग परत तेच, आणि ते समुद्रात होतं, हे आम्हाला बघवत नाही.

बॅटरीत दम आहे का ते आधी बघा

इंजिन बंद करून निदान दोन-तीन तास झाले असतील तेव्हा मीटर (मल्टिमीटर) डीसी व्होल्टवर ठेवून थेट बॅटरीच्या दोन टर्मिनलवर लावा. 12.6 च्या आसपास म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे साधारण अर्धी, 12 च्या खाली गेली तर आधी चार्ज करा, मग बोला. रात्रभर चार्ज करून पण साडेदहाच्या आसपासच अडकली तर एक सेल गेलेला असण्याची शक्यता जास्त, कारण एक सेल दोन व्होल्टचा असतो, तिथे मात्र बॅटरी बदलायलाच लागते.

आता खरी परीक्षा. मीटर तसाच लावून ठेवा आणि कोणालातरी सेल्फ मारायला सांगा. व्होल्टेज साडेनऊ-दहाच्या वर टिकलं तर बॅटरीत ताकद आहे, सात-आठवर कोसळलं तर एकतर बॅटरी कमजोर नाहीतर सेल्फ आतून जाम होऊन जास्त करंट खेचतोय. केबिनचे दिवे लख्ख लागतायत म्हणून बॅटरी चांगली असं समजू नका, दिव्याला एक-दोन अँपिअर पुरतात, पण डिझेल इंजिनाचा सेल्फ 200 च्या पुढे सहज जातो.

24 व्होल्टची सिस्टीम (12 च्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या) असेल तर दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजा. आणि कृपया एकाच बॅटरीवरून 12 व्होल्ट काढून जीपीएस, टेप, मोबाईलचे चार्जर चालवू नका, हे आम्ही खूप बोटींवर बघतो. एक बॅटरी जास्त उतरते, चार्जिंग मात्र दोघींना सारखंच मिळतं, मग एक कायम उपाशी आणि दुसरी जास्त चार्ज होऊन पाणी उडवते, दोन्ही लवकर मरतात. 24 चे 12 करणारा कन्व्हर्टर लावा आणि बदलायची वेळ आली की जोडीच बदला.

आता वायर, हाच मुख्य मुद्दा

बॅटरी ठीक आहे तरी सेल्फ जोरात फिरत नाही, अशा वेळी सगळे सेल्फ खोलायला धावतात. थांबा. 200 अँपिअर जाताना जोडात फक्त 0.01 ओहमचा अडथळा असला तरी तिथल्या तिथे 2 व्होल्ट खाल्ले जातात, आणि एवढा छोटा अडथळा साध्या मीटरच्या ओहमवर दिसतच नाही, टेस्ट लॅम्प तर मस्त पेटतो आणि फसवतो. म्हणून लोड चालू असताना, म्हणजे सेल्फ फिरत असताना मोजायचं. मीटरची लाल पिन बॅटरीच्या प्लसच्या खांबावर (क्लॅम्पवर नाही, खांबावर), काळी पिन सेल्फवर जाड केबल येते त्या बोल्टवर आणि सेल्फ मारा. 12 व्होल्टच्या बोटीवर अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर त्या रस्त्यात कुठेतरी खराबी आहे, मग काळी पिन बॅटरीकडून एक एक जोड ओलांडत पुढे सरकवा, जिथे आकडा एकदम उडी मारेल तोच तुमचा चोर. तसंच अर्थच्या बाजूने करा, मायनसचा खांब ते सेल्फची बॉडी, तिथे 0.2-0.3 च्या वर नको. अर्थ तपासायचं सगळे विसरतात, आणि आम्हाला जास्त बिघाड तिकडेच मिळतात.

मीटर नसेल तर दोन-तीनदा सेल्फ मारून लगेच जोडांना हात लावून बघा, जो गरम लागतो तो खराब. जपून मात्र, भाजू शकतं.

सापडला की नुसता पाना मारून आवळू नका. सोडा, एमरी पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, आवळा आणि मग वरून पेट्रोलियम जेली लावा. केबलचा इन्सुलेशनचा भाग थोडा कापून बघा, आतली तांब्याची तार काळी-हिरवी पडली असेल तर ती केबल गेलीच समजा, मीठ आतून वर चढत जातं. नवीन टाकताना कलई केलेली मरीन केबल टाका, थिंबल दाबून बसवा आणि वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक (गरम केली की आवळणारी) ट्यूब. पिळून टेप मारलेला जोड बोटीवर एक सीझन पण नीट काढत नाही.

चार्जिंग होतंय की नाही

इंजिन चालू करून जरा रेस द्या आणि बॅटरीवर मोजा, 13.8 ते 14.4 पाहिजे, 24 च्या सिस्टीमवर याच्या दुप्पट. वाढतच नसेल तर आधी बेल्ट बघा, मग अल्टरनेटरच्या (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरच्या) मागचा जोड, मग पॅनलवरचा चार्जिंगचा लाल बल्ब. बऱ्याच इंजिनांवर त्या बल्बमधूनच अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट मिळतो, बल्ब उडाला की अल्टरनेटर जागाच होत नाही आणि लोक चांगला अल्टरनेटर काढून दुरुस्तीला नेतात. 15 च्या वर जात असेल तर रेग्युलेटर (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा भाग) गेला, बॅटरी उकळते, ते चालू ठेवू नका. आणि इंजिन चालू असताना बॅटरीची केबल काढून "चार्जिंग होतंय का" बघायची जुनी सवय सोडा, व्होल्टेज एकदम उसळून अल्टरनेटरमधले डायोड उडतात, सोबत फिशफाइंडर पण जाऊ शकतो.

जुन्या मेकॅनिकल पंपाच्या डिझेलला एकदा चालू झाल्यावर विजेची गरज नसते, म्हणून चार्जिंग बंद पडलेलं कळतच नाही, दिवे आणि वायरलेस हळूहळू बॅटरी पिऊन टाकतात आणि जाळं ओढल्यावर इंजिन बंद केलं की परत चालू होत नाही. चालतं इंजिन अचानक बंद पडलं आणि डिझेल, फिल्टर ठीक असेल तर स्टॉप सोलेनॉइडची (डिझेल बंद-चालू करणाऱ्या विजेच्या खटक्याची) वायर बघा, काही इंजिनांवर तिला सतत करंट लागतो, वायर निसटली की डिझेल बंद. आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेर लावलेलं इंजिन) असेल तर पहिल्यांदा किल स्विचची (इंजिन झटक्यात बंद करणाऱ्या स्विचची) क्लिप जागेवर आहे का आणि गियर न्यूट्रलला आहे का ते बघा, बाकी सगळं नंतर.

जिवाची काळजी

बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन निघतो, जवळ बिडी-सिगारेट, गॅसची शेगडी नको. काढताना मायनस आधी, लावताना मायनस शेवटी. हातातलं कडं, अंगठी काढून ठेवा. ॲसिडच्या बॅटरीत समुद्राचं पाणी शिरलं की क्लोरीन वायू तयार होतो, बंद इंजिनरूममध्ये तो जीव घेऊ शकतो, म्हणून बॅटरीची पेटी तळातलं पाणी पोहोचणार नाही इतकी उंच आणि घट्ट बांधलेली हवी.

वायरलेस आणि जीपीएससाठी वेगळी बॅटरी ठेवा एवढं आमचं ऐकाच. इंजिनाची बॅटरी बसली तरी वायरलेसच्या चॅनेल 16 वर (संकटात मदत मागायचं चॅनेल) बोलता आलं पाहिजे. मोबाईलला रेंज असेल तर कोस्ट गार्डचा 1554 सगळ्या खलाशांच्या फोनमध्ये असू द्या.

आम्हाला फोन करताना

कंपनी आणि मॉडेल, 12 की 24 व्होल्ट, सेल्फ टक करतो की अजिबात आवाज नाही की हळू फिरतो, आणि वरचे आकडे मोजले असतील तर ते सांगा. बॅटरी आणि सेल्फच्या जोडांचे फोटो पाठवा, धुवायच्या आधीचे, हिरवं-पांढरं कुठे साचलंय ते त्यातच दिसतं. बंदी चालू असताना आलात तर सगळ्यात बरं, तेव्हा आमच्याकडे घाई नसते, पूर्ण वायरिंग सावकाश बघता येतं, आणि बोटीवरची बॅटरी दुकानात आणून ठेवलीत तर महिन्यातून एकदा चार्ज करून आम्ही सांभाळतो.