पूर्ण जोर पुढे, पूर्ण जोर मागे

एखाद्या यंत्राला झटकन पोहोचून नेमकं थांबायचं असेल, तर वेग हळूहळू उतरवत आणावा असं बहुतेकांना वाटतं. गणिताचं उत्तर वेगळं आहे. मोटरची ताकद मर्यादित असेल, तर अर्ध्या अंतरापर्यंत पूर्ण जोर पुढे आणि तिथून पूर्ण जोर मागे. याहून कमी वेळात पोहोचताच येत नाही. डोनाल्ड बुशॉ यांनी १९५२ साली प्रिन्स्टनच्या प्रबंधात अशा प्रश्नांचा छडा लावला. त्यामागचं व्यापक तत्त्व १९५६ च्या सुमारास मॉस्कोत लेव्ह पोंत्र्यागिन यांनी मांडलं. चौदाव्या वर्षी दृष्टी गेलेला हा गणिती!

यात एक गोष्ट गृहीत आहे: जोर हव्या त्या क्षणी उलटवता येतो. हार्ड डिस्कमध्ये तसं नसतं. हेड, म्हणजे माहिती वाचणारं-लिहिणारं टोक, कुठे आहे हे फिरत्या तबकडीवरच्या खुणा त्याच्याखालून जातानाच कळतं. अशी प्रत्येक खूण म्हणजे एक ठोका. मिनिटाला ७२०० फेरे आणि फेऱ्यात समजा २०० खुणा, म्हणजे सेकंदाला २४,००० ठोके. साध्या रचनेत जोर बदलतो तो ठोक्यावरच.

हेडला ८ मिलिमीटर ८ मिलिसेकंदांत कापायचे असतील, तर मध्यावर वेग सेकंदाला २ मीटर असतो. उलटवायला एक ठोका उशीर झाला, तर त्या ४२ मायक्रोसेकंदांत हेड ८३ मायक्रोमीटर पुढे जातं, आणि जादा चढलेला वेग उतरवताना आणखी तेवढंच. आधुनिक डिस्कवर ट्रॅकमधलं, म्हणजे माहितीच्या वर्तुळाकार ओळींमधलं, अंतर ०.१ मायक्रोमीटरहूनही कमी. हेड दीड हजारांहून अधिक ट्रॅक पलीकडे थांबतं!

ठोक्यांच्या या बंधनावरचा तोडगा फार देखणा आहे. नियंत्रणशास्त्राचे अभ्यासक कालमन यांनी १९५७ मध्ये, डेसोअर आणि विंग यांनी १९६१ मध्ये त्यावर काम केलं. एका अक्षावर स्थान, दुसऱ्यावर वेग घ्या; प्रत्येक बिंदू म्हणजे हेडची एक अवस्था. ज्या अवस्थांतून 'न' ठोक्यांत लक्ष्य गाठता येतं, त्यांचा २न बाजूंचा बहुभुज बनतो. कोपऱ्यांवर प्रत्येक ठोक्याला पूर्ण जोर आणि फार तर एकदा दिशाबदल. बाजूंवर एकच ठोका अर्धामुर्धा. आत मात्र असंख्य योजना, आणि 'न−१' ठोक्यांच्या बहुभुजाबाहेर असाल तर त्या सगळ्याच सारख्या वेगवान! मग त्यांतली कमी थरथर करणारी निवडता येते.

हल्ली कुठल्याही यंत्रावर 'एआय'चा शिक्का मारून तेज हालचाल विकतात. तो शिक्का मारल्याने मोटरची कमाल ताकद वाढत नाही आणि दोन ठोक्यांमधलं अंतरही घटत नाही.

प्रत्यक्षात घर्षण आणि हेडच्या दांड्याची कंपनं हिशेब बिघडवतात. म्हणून १९८७ साली मायकेल वर्कमन यांनी स्टॅनफर्डच्या प्रबंधात मधला मार्ग काढला: सुरुवातीला पूर्ण जोर, थांबवताना कमाल जोरापेक्षा थोडा कमी, आणि लक्ष्याजवळ जेवढी चूक उरली असेल तेवढ्या प्रमाणात सौम्य दुरुस्ती.