रोमन देवांच्या पायाशी झाडाचा बुंधा कुठून आला?

अपोलो असो की व्हीनस, रोमन संगमरवरी पुतळ्याच्या पायाशी बुंधा, खडक नाहीतर एखादा प्राणी हटकून असतो. तो मुळात तिथे नव्हता.

इ.स.पू. २१२ मध्ये सिराक्यूज हे ग्रीक शहर रोमनांच्या हाती पडले, १४६ मध्ये कॉरिंथ. लुटीतून आलेली ग्रीक शिल्पे पाहून रोममधल्या धनिकांना आपल्या बागेत आणि स्नानगृहात तशीच हवी झाली. मूळ शिल्पे बरीचशी ब्राँझची, आतून पोकळ ओतलेली. धातू ताण सोसतो, म्हणून सगळा देह दोन घोट्यांवर तोलता येतो. रोमन प्रती मात्र संगमरवरी, आणि संगमरवर भरीव आणि जड, घनमीटरला सुमारे २.७ टन. तो दाब झेलतो, पण वाकवणारा ताण आला की तडकतो, आणि तडकतो तो घोट्यापाशीच. त्यावर उपाय म्हणून पायाला जोडून त्याच दगडात टेकू ठेवला जाई.

प्रती कशा होत, याचा उत्तम पुरावा १९५४ मध्ये नेपल्सजवळ बायाए इथे मिळाला. ग्रीक ब्राँझवरून घेतलेल्या प्लास्टरच्या छापांचे ते तुकडे होते. अशा छापांवरून कंपासने मापे घेत आणि दगडावर खुणेचे उंचवटे राखत. काही अर्धवट पुतळ्यांवर ते अजून दिसतात. आधी टोकदार छिन्नी, मग दातेरी, मग सपाट, त्यानंतर कानस आणि घोटाई. केसांच्या खोल बटांसाठी गिरमिट. मनगट आणि मांडी यांच्यामध्ये दगडाची आडवी दांडी सोडत, नाहीतर घाव बसताना किंवा वाहतुकीत हात निखळे. दांडी कधी नंतर छाटली जाई, कधी तशीच राही. छाटलेल्या जागी मांडीवर चौकोनी खूण उरते. अस्सल प्रतीत ती आवर्जून शोधावी.

कसबी कारागीर टेकू कथेतूनच काढत. व्हॅटिकनमधल्या अपोलोच्या बुंध्यावर साप आहे, अपोलोने मारलेल्या पायथन या सर्पाची आठवण देणारा. मेदिची व्हीनसजवळ डॉल्फिन आहे, कारण ती समुद्रातून जन्मली. ग्रीक कथांतला शिकारी वीर मेलिआगर याच्यापाशी त्याने मारलेल्या रानडुकराचे डोके आहे. मला सर्वांत सरस वाटतो तो अथेन्सच्या ग्लायकॉनची सही असलेला फार्नेसे हर्क्युलिस. ग्रीक शिल्पकार लिसिपोसच्या मूळ रचनेतच तो सोट्यावर रेललेला, त्यामुळे तीन मीटरहून उंच प्रतीलाही उपरा टेकू लागला नाही.

तरीही १५४० च्या दशकात रोममध्ये सम्राट काराकाल्लाच्या स्नानगृहात तो सापडला तेव्हा पाय नव्हते. शिल्पकार गुलिएल्मो देल्ला पोर्ताने नवे घडवले. मूळ पाय पुढे मिळूनही नवेच बराच काळ राहिले. आज नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात तो मूळ पायांवर उभा आहे.